तापत्या नळीवरचा लेप

भिलाईचे नाव घेतले की पोलादाचा कारखाना डोळ्यांपुढे उभा राहतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दुर्ग जिल्ह्यातल्या भाताच्या शेतांमधून एक नवे नगर उठले. करार झाला त्या दिवशी दुर्ग जिल्ह्याचा कारभार ज्या राज्यात चालत होता, त्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेनंतर ती भोपाळला गेली आणि २००० सालच्या नोव्हेंबरात छत्तीसगड वेगळे झाल्यावर रायपूरला आली. मराठी माणसाला भिलाई तशी परकी नाही ती यामुळे. परंतु आजचा विषय झोतभट्टी हा नव्हे. त्या भट्टीवर पाळीसाठी निघालेल्या कामगाराच्या मोटरसायकलीला, इंजिनाच्या तोंडापासून वळण घेऊन खाली उतरलेली जी हातभर लांबीची नळी असते, तिच्याविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. झोतभट्टीचा उल्लेख मधून मधून येईल, कारण दोघींचे दुखणे एकाच जातीचे आहे.

या नळीला दुरुस्तीच्या दुकानात बेंड पाइप म्हणतात. गाडीचा मालक पुष्कळदा इंजिनापासून शेपटापर्यंतच्या साऱ्या नळीला सायलेन्सरच म्हणतो. पण सायलेन्सर हे मागचे जाड पिंप, आणि बेंड पाइप ही त्याच्या पुढची बारीक मान. इंजिनात पेट्रोल जळून जो वायू बाहेर पडतो तो या मानेतून जातो. बाहेर पडताना त्याचे तापमान साधारणतः सहाशे ते आठशे अंश सेल्सिअस असते. नळी बाहेरून वाऱ्याने थंड होत असल्यामुळे तिचे अंग इतके तापत नाही. तरी इंजिनाजवळच्या वळणाशी ते कित्येक शे अंशांवर जाते, आणि भर उन्हाळ्यात चढावर किंवा गर्दीत गाडी रेंगाळली की आणखी वर चढते.

हे तापमान मोजायला यंत्र लागत नाही. नळीच स्वतःचा ताप अंगावर लिहून ठेवते. साधे पोलाद तापवत नेले की २२० अंशांच्या सुमारास त्यावर गवती पिवळा रंग येतो, २८० च्या आसपास जांभळा, आणि ३०० च्या पुढे निळा. लोहार छिन्नीला पाणी देताना हाच रंग पाहून हात थांबवतो. क्रोमचा मुलामा दिलेल्या नळीवर हे आकडे थोडे वर सरकतात, पण क्रम तोच. नवी कोरी गाडी घेतलेल्या तरुणाला महिन्याभरात वळणावर सोनेरी आणि मग निळी झाक दिसू लागते, आणि आपल्या गाडीला काही रोग जडला असे त्याला वाटते. तो रोग नव्हे. ती ऑक्साइडची अत्यंत पातळ साय आहे, आणि प्रकाशाच्या खेळाने ती रंगीत दिसते. खरा रोग पुढे येतो. पोलाद ५७० अंशांच्या वर वारंवार गेले की त्यावर धरणारी खपली जाड आणि ठिसूळ होते, प्रत्येक तापण्या-निवण्याबरोबर तिचे पापुद्रे सुटतात आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. त्यावर पावसाचे पाणी पडले, रस्त्यावरचा चिखल बसला, की गंजाला वेगळे आमंत्रण लागत नाही. मग कोणीतरी सुचवतो, लेप लावून घे.

लेप लावून घ्यावा हे खरे. पण लेप काय करू शकत नाही हे आधी समजून घेतले तर पुढची निराशा टळेल.

एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटरच पाणी तयार होते, ही गोष्ट ऐकणाऱ्याला प्रथम खोटी वाटते. पेट्रोलातला हायड्रोजन हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावतो आणि पाणी होतो. वाफेच्या रूपाने ते नळीतून निघून जाते. गाडी दूरवर धावली तर सगळी नळी तापते आणि आत ओल राहत नाही. पण भिलाईसारख्या कारखान्याच्या वसाहतीत गाडीचे आयुष्य निराळे असते. सेक्टरमधल्या घरापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत तीन-चार किलोमीटर, पाळी संपेपर्यंत आठ तास उभी, पुन्हा तेवढेच अंतर घरी. एवढ्या धावेत पुढची मान तापते, पण मागचे पिंप धड तापत नाही. वाफ तिथे जाऊन निवते, पाणी साचते, त्यात जळणातले आम्ल मिसळते, आणि सायलेन्सर आतून सडू लागतो. बाहेरून कितीही भारी लेप दिला तरी या सडण्याला तो अडवू शकत नाही. बाहेरून चकचकीत असलेली नळी एक दिवस बोट टेकताच आत जाते, ती यामुळे. त्यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा गाडी चांगली लांब फिरवून आणणे.

दुसरी गोष्ट चटक्याची. मागे बसलेल्या बाईच्या पोटरीला किंवा उतरताना घाई करणाऱ्या मुलाच्या पायाला या नळीचा चटका बसणे ही आपल्याकडे घरोघरची कथा आहे. लेप दिला म्हणजे नळी हाताला सोसवेल अशी होते, असा एक समज आहे. वास्तविक धातूची वस्तू ७० अंशांवर असली तरी क्षणमात्र टेकताच कातडी भाजते, आणि नळी त्याच्या कितीतरी वर असते. बाहेरच्या पातळ रंगाने यात काहीच फरक पडत नाही. चटका टाळायचा तर नळीपासून बोटभर अंतर ठेवून बसवलेली जाळीदार पट्टीच हवी. आणि चटका बसलाच तर दंतमंजन किंवा हळद न थापता वीस मिनिटे साध्या थंड पाण्याची धार धरावी.

एवढे सांगितल्यावर मूळ कामाकडे वळू. तापणाऱ्या वस्तूवर लेप देण्याची विद्या मराठी घराला नवी नाही. चुलीवर पातेले चढवण्यापूर्वी त्याच्या बुडाला बाहेरून मातीचा किंवा राखेचा हात फिरवण्याची चाल खेड्यापाड्यांत होती. काजळी मातीवर बसे, मातीबरोबर निघून जाई. दुसरी विद्या कल्हईची. कथील २३२ अंशांना वितळते. पातेल्यात पाणी किंवा आमटी असेपर्यंत ताप त्याच्या खालीच राहतो, म्हणून एवढा हळवा धातूही वर्षभर टिकतो. रिकामे भांडे चुलीवर विसरले की कल्हई उतरते, हे गृहिणीला कोणी शिकवावे लागले नाही. परंतु कल्हईवाल्याच्या कामातली खरी मेख वेगळीच होती. कथील फिरवण्याचे काम मिनिटा-दोन मिनिटांचे. त्याआधी त्याचा पोरगा भांड्यात वाळू टाकून, त्यात उभा राहून, कमरेत हिसके देत पायांनी भांडे घासत असे, ते काम मोठे. मग नवसागराची पूड तापल्या भांड्यावर पडे, पांढरा धूर उठे, आणि धातूवरचा उरलासुरला मळ निघून जाई. एवढी स्वच्छता झाल्याशिवाय कथील धातूला धरतच नाही. ज्याचा पोरगा आळशी त्याची कल्हई फसवी.

मोटरसायकलीच्या नळीवरच्या लेपातही मोठे काम घासण्याचेच आहे. ग्राहक पैसे देतो ते मात्र चकाकीकडे पाहून, आणि घासणीचे मोल त्याच्या हिशेबात नसते. या चुकलेल्या हिशेबाची किंमत कोणाला मोजावी लागते, ते पुढे येईलच.

झोतभट्टीत लेप कुठे असतो? भट्टीच्या तळाशी तप्त हवा आत घुसते तिथे दोन हजार अंशांच्या आसपास ताप असतो, आणि बाहेर वाहणारे लोखंड चौदाशे-पंधराशे अंशांचे. २०१८ साली भिलाईत सुरू झालेल्या आठव्या भट्टीचे पोट ४,०६० घनमीटरांचे आहे. एवढा अग्नी पोटात बाळगणारे बाहेरचे कवच पोलादाचेच, आणि पोलाद तर पंधराशे अंशांना वितळते. ते वितळत नाही, कारण आतून तापरोधक विटांचे जाड अस्तर असते आणि त्यामागून पाणी अखंड खेळत असते. अशा विटांचा कारखानाही भिलाईत आहे. म्हणजे मोठ्या भट्टीने आपले रक्षण आतून केले. मोटरसायकलीच्या नळीत विटा बसवायला जागा नाही. बोटभर रुंदीच्या त्या वाटेत अस्तर दिले तर वायूचीच कोंडी व्हायची. म्हणून तिथे कागदाहून पातळ असा लेप लागतो, आणि तोही बहुतेक वेळा बाहेरून.

पातळ असणे हा या लेपाचा गुण आहे, आणि त्याचे कारण साधे आहे. पोलाद तापले की वाढते. अर्ध्या मीटरची नळी चारशे अंशांनी तापली तर सुमारे अडीच मिलिमीटर लांबते, आणि निवताना तेवढीच आखडते. लेपाला तिच्याबरोबर रोज ताणावे आणि आवळावे लागते. जाड लेप तसे करू शकत नाही, तो तडकतो. इनॅमलच्या पांढऱ्या मगाचा टवका उडालेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चटकन पटेल. अर्थात इनॅमलची विद्या हलकी लेखण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात भारी मिश्रधातूंची टंचाई पडली तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने विमानांच्या धुराच्या नळ्या साध्या पोलादाच्या करून त्यांवर काचेसारखा चिनी लेप भाजण्याची रीत शोधली. आज ज्याला सिरॅमिक कोटिंग म्हणतात त्याच्या वंशावळीत ती रीत येते.

दुसरी शाखा सिलिकॉनची. विसाव्या शतकाच्या आरंभापासून इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे फ्रेडरिक किपिंग यांनी आयुष्याची कित्येक वर्षे वाळूतल्या सिलिकॉन या मूलद्रव्याची सेंद्रिय संयुगे तयार करण्यात घालवली. हाती येई तो चिकट राळेसारखा पदार्थ, आणि त्याचा काही उपयोग होईल असे खुद्द त्यांनाच वाटत नव्हते. १९४० नंतर युद्धाच्या गरजेने तोच राळेसारखा पदार्थ अमेरिकेत कारखान्यात तयार होऊ लागला. नळीवर मारतात त्या रुपेरी रंगात हीच राळ असते आणि तिच्यात अ‍ॅल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे. तापल्यावर राळेतला जळणारा भाग जळून जातो, मागे वाळूच्या जातीचा सांगाडा उरतो, आणि त्यात अ‍ॅल्युमिनियमचे पापुद्रे मंगलोरी कौलांसारखे एकावर एक पडून राहतात. चांगल्या प्रतीचा असा रंग पाचशे-साडेपाचशे अंश सोसतो.

भिलाईतच नव्हे, कोणत्याही शहरात या कामासाठी तीन वाटा दिसतात. पहिली, डब्यातला साधा रुपेरी रंग, जो खिडकीच्या गजांनाही लावतात. नळीवर तो पहिल्याच दिवशी जळतो, त्याविषयी अधिक बोलण्याचे कारण नाही. दुसरी, पावडर कोटिंग. ही वाट फसवी आहे, कारण काम अतिशय देखणे होते. रंगाची कोरडी भुकटी विजेच्या आकर्षणाने धातूला चिकटवतात आणि १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळवून एकसंध करतात. सायकलीच्या सांगाड्याला, चाकाच्या रिंगांना, कपाटाला याहून चांगला रंग नाही. पण जो रंग दोनशे अंशांवर वितळून बनला, तो त्याच्या दुप्पट तापात कसा टिकावा? नळीवर त्याला आधी तपकिरी छटा येते, मग फोड येतात, घाण वास सुटतो आणि पापुद्रे गळू लागतात. तिसरी वाट सिलिकॉनच्या किंवा सिरॅमिकच्या लेपाची. ती महाग पडते, आणि तिला घासणी निर्दोष लागते.

घासणी म्हणजे काय? जुना क्रोम, गंज, तेल, मागचा रंग सारे काढून उघड्या धातूचे अंग किंचित खरबरीत करणे. गुळगुळीत अंगावर लेपाला पकड मिळत नाही. मोठ्या प्रमाणावर हे काम दाबलेल्या हवेच्या झोताबरोबर खरखरीत कण मारून करतात. बोलण्यात त्याचे नाव सँड ब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा, असेच रूढ आहे. आणि जिथे खर्च वाचवायचा असतो तिथे ते नाव शब्दशः खरे असते. नदीची वाळू स्वस्त मिळते. उघड्या अंगणात किंवा पत्र्याच्या आडोशाला, नाकातोंडावर गमछा बांधून एखादा पोरगा हातात नळी धरून उभा असतो, आणि त्याच्याभोवती पांढरी धूळ उठत असते.

नदीच्या वाळूत मुख्यतः स्फटिक, म्हणजे सिलिका असते. झोताने ती धातूवर आपटली की तिचे तुकडे होतात, आणि त्यातले जे कण डोळ्यांना दिसतच नाहीत, माणसाच्या केसाच्या दहा-पंधरा पटींनी बारीक, तेच फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. गमछ्याच्या विणीतून ते सहज पार होतात. फुप्फुस त्या कणांभोवती व्रणासारखी गाठ धरते. अशा गाठी वाढत गेल्या की श्वास अपुरा पडू लागतो. यालाच सिलिकोसिस म्हणतात. त्याला औषध नाही. काम सोडल्यावरही तो पुढे सरकतो. क्षयाला तो दार उघडून देतो, आणि अनेकदा तो क्षयच समजून वर्षानुवर्षे चुकीचे उपचार होत राहतात. कल्हईवाल्याचा पोरगाही वाळूवरच नाचत असे. पण ती वाळू भांड्याच्या तळाशी राही, हवेच्या दाबाने उधळलेली नसे.

हे कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी कारखान्यांतून अशा कामासाठी सिलिकायुक्त वाळू वापरायला बंदी केली. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात सिलिकोसिस हा सरकारला कळवावयाच्या रोगांच्या यादीत होता. पण रोग कळवावा लागतो तो कारखान्याने, आणि दोन माणसांच्या शेडला कारखाना म्हणत नाहीत. कायद्याची नजर जिथे पोहोचत नाही तिथे ग्राहकाची पोहोचू शकते. कशाचा मारा करता, एवढा एकच प्रश्न त्याने विचारावा. पोलादाचे कण, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा ओडिशा-तामिळनाडूच्या किनाऱ्यावर सापडणारी गार्नेटची वाळू, यांपैकी काही असेल आणि काम बंद पेटीत हात घालून होत असेल, तर चार पैसे जास्त गेले तरी हरकत नाही. उत्तर नदीची वाळू असे आले तर नळी परत घेऊन यावी. ज्या पोलादनगरीच्या कारखान्यात कामगाराला शिरस्त्राणाशिवाय फाटकातून आत घेत नाहीत, तिथल्याच माणसाने आपल्या गाडीच्या शोभेसाठी दुसऱ्याचा श्वास स्वस्तात घ्यावा हे विसंगत आहे.

आणि खरे पाहता एका हातभर नळीला झोताची गरजही नसते. नळी गाडीवरून उतरवावी. नव्या गाड्यांवर, विशेषतः १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत सहा मानकाच्या गाड्यांवर, नळीतच प्राणवायू मोजणारा संवेदक आणि धूर शुद्ध करणारे यंत्र असते. तिथे संवेदक काढून त्याचे भोक बंद करावे, कारण सिलिकॉन आत गेले तर तो निकामी होतो. ज्याला हे जमत नाही त्याने अशा नळीला हात न लावलेला बरा. बाकी नळी तारेच्या ब्रशाने आणि नंतर पॉलिश पेपरने घासावी. पेपर पाण्यात बुडवून वापरला की धूळ उडतच नाही. क्रोमचा गुळगुळीतपणा पुरता मोडेपर्यंत हात थांबवू नये. यात एक दुपार जाते आणि खांदे दुखतात. मग नळी थिनरने पुसून कोरडी करावी, आणि तिथून पुढे तिला उघड्या हाताचा स्पर्श होऊ देऊ नये, कारण घामाचा ठसा लेपाखाली तसाच राहतो आणि तापल्यावर नेमका तिथेच फोड येतो.

लेप पातळ द्यावा. एक हात दिल्यावर खालचा धातू अंधुक दिसला तरी चालेल. तो सुकल्यावर दुसरा द्यावा. एकाच वेळी दाट थापण्याचा मोह रंगाऱ्याला होतो तो वेळ वाचवण्याचा. त्यानंतर भाजणी. ज्यांच्याकडे पावडर कोटिंगची भट्टी आहे त्यांना तीच यासाठी वापरता येते. सर्वसाधारण सिलिकॉनच्या लेपाला दोनशे अंशांच्या आसपास तासभर पुरतो, आणि डब्यावर वेगळे लिहिले असेल तर ते प्रमाण मानावे. भट्टी नसेल तर गाडीचे इंजिनच भट्टी होते. नळी बसवून गाडी मोकळ्या हवेत उभी करावी, इंजिन मंद गतीने दहा मिनिटे चालवावे आणि पूर्ण निवू द्यावे. पुन्हा वीस मिनिटे, पुन्हा निवणे. तिसऱ्या वेळी थोडे फिरवून आणावे. पहिल्या दोन वेळा नळीतून पांढुरका धूर निघतो आणि तिखट वास येतो. राळेतला जळणारा भाग निघून जात असतो. या वेळी मुलांना जवळ येऊ देऊ नये आणि घाबरून पाणीही ओतू नये. तिसऱ्या फेरीनंतर धूर येत नाही, आणि नळीचा रुपेरी रंग किंचित मंद होऊन स्थिर होतो.